लहान मुलांसोबत पहिल्यांदा समुद्रावर जाताना

सामानाची यादी नंतर करा, आधी वेळ ठरवा. सकाळी लवकर जा आणि दहा-साडेदहाला निघा. दोन-अडीच तास लहानग्यांना भरपूर होतात. भरती-ओहोटीची वेळही पाहून ठेवा. भरतीत चटई तर भिजतेच, खेळायची जागाही आक्रसते.

पाण्याचं मात्र नीट ऐका. मूल पाण्यात असताना एक मोठा माणूस त्याच्यापासून हातभर अंतरावरच हवा, मोबाइल पिशवीत. "सगळेच बघतायत" म्हणजे कुणीच बघत नसतं, म्हणून पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावा आणि "आता तू" असं तोंडाने सांगून पाळी सोपवा. हवेच्या ट्यूबवर विसंबू नका. जमिनीकडून वारा असला की ती बघता बघता आत जाते. कपडे भडक केशरी किंवा पिवळे घाला. निळे-पांढरे कपडे लाटांत दिसतच नाहीत.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- सनस्क्रीन वाळूवर पोचल्यावर लावणं. घरूनच लावा, एसपीएफ ३० किंवा जास्त. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. सहा महिन्यांखालचं बाळ सावलीतच ठेवा.
- खोल खड्डे खणू देणं. वाळू अचानक ढासळते. मुलाच्या गुडघ्याहून खोल नको, आणि निघताना बुजवा.
- ओल्या अंगावरची वाळू पुसणं. कातडी सोलवटते. आधी अंग कोरडं होऊ द्या, मग वाळू अलगद झटका.

खेळणी? एक बादली, एक फावडं. पिण्याचं पाणी मात्र वाटतं त्याच्या दुप्पट घ्या.