तुमचे प्रश्न: रंगीत पानांचा बेगोनिया

प्रश्न: ताई, माझ्याकडे चंदेरी-जांभळ्या पानांचा रेक्स बेगोनिया आहे. आणला तेव्हा काय दिसायचा! आता पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्यात, म्हणून पाणी वाढवलं तर खालची पानं लोळायलाच लागली. खिडकीत ठेवलाय, दुपारचं थोडं ऊन येतं.

उत्तर: आधी पाणी थांबवा बघू! कडा करपल्या की सगळ्यांना वाटतं झाड तहानलंय, पण बहुतेक वेळा हवा कोरडी असते, माती नाही. रेक्स मूळचा आसामकडच्या दमट जंगलांतला, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा, त्यामुळे त्याला हवेत ओलावा पाहिजे पण मुळाशी चिखल अजिबात चालत नाही. मातीवर आडवं पसरलेलं जाडसर, गाठीगाठींचं खोड दिसतंय ना, ते बोटाने हलकेच दाबून बघा. टणक असेल तर माती थोडी वाळू द्या, झाड सावरेल. पिचपिचीत लागलं तर ते सडलंय, तेवढा भाग स्वच्छ ब्लेडने काढून टाका आणि टणक तुकडा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) आणि थोडं पानांचं खत अशा भुसभुशीत मिश्रणात लावा, पुरू नका, नुसता वर टेकवा. कुंडी उथळ घ्या, मुळं खोल जात नाहीत. यापुढे वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी.

हवेतल्या ओलाव्यासाठी खडे आणि पाणी घातलेल्या ताटलीवर कुंडी ठेवा, बूड पाण्यात बुडता कामा नये. पानांवर स्प्रे मारू नका हं, पाणी साचून राहिलं की बुरशीचे डाग पडतात आणि मग ती पानं काढून टाकावी लागतात. दुपारचं ऊन टाळा, पातळ पडद्यामागचा उजेड बेस्ट. अगदी अंधारातही नको, देठ लांबतात आणि रंग मरतो.

प्रश्न: एका पानापासून रोप होतं म्हणतात, खरंच?

उत्तर: हो, आणि मला यात सगळ्यात जास्त मजा येते! निरोगी, पूर्ण वाढलेलं पान घ्या, उलटं करून जाड शिरांवर मध्येमध्ये ब्लेडने काप द्या, मग सुलटं करून ओलसर कोकोपीटवर शिरा नीट टेकतील असं ठेवा, उचललं जात असेल तर वर बारीक खडे. झाकण म्हणून पारदर्शक डबा, पण अधूनमधून उघडायचा, नाहीतर पान कुजतं. काही आठवड्यांनी कापांपाशीच मुळं आणि नखाएवढी पानं फुटतात. तोवर उचकून बघायचा मोह आवरा प्लीज.

प्रश्न: थंडीत पानं गळाली, मेला का?

उत्तर: खोड टणक आहे ना? मग झोपलाय. १५ अंशांच्या खाली त्याला सोसत नाही, उबेत ठेवा, पाणी कमी, खत बंद, टाकून मात्र देऊ नका. आणि घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर हलवा, बेगोनिया चावून खाल्ला तर तिच्या तोंडाची आग होते.