रेड क्रॉसचा ‘२ लाख ७१ हजार’वाला कागद खरा आहे का?

तुमचा प्रश्न असा: कॉलेजच्या ग्रुपवर एका जुन्या जर्मन कागदाचा फोटो फिरतोय. रेड क्रॉसच्या हिशोबानं नाझी छावण्यांत २ लाख ७१ हजारच माणसं मेली, तेव्हा ६० लाख ज्यू मारले हे थोतांड आहे, असं त्याखाली लिहिलंय. कागद तर खरा वाटतो, मग नक्की काय?

आकडा खऱ्या कागदावरचाच आहे. त्याखाली लिहिलेलं खोटं आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही. एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर २२ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. म्हणून तर तो फोटो पहिल्यांदा भाच्यानं दाखवला तेव्हा आधी हसूच आलं. अहो, ती मेलेल्यांची मोजदाद नाही, दिलेल्या दाखल्यांची आहे!

जर्मनीत आरोल्सेन नावाचं गाव आहे. युद्धात हरवलेल्या माणसांचा माग काढणारी कचेरी तिथं होती. १९५५ ते २०१२ तिचा कारभार रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीकडे होता. त्याच गावात छावण्यांमधल्या मृत्यूंचे दाखले देणारं एक खास नोंदणी कार्यालयही आहे. नातेवाइकानं अर्ज करायचा, छावणीच्या कागदांत नाव सापडलं की दाखला मिळायचा. मेलेला माणूस ज्यू असो, पोलिश असो की आणखी कुणी. तोवर किती दाखले दिले याचा छावणीवार तक्ता १९७९ साली कुणीतरी मागवला, तोच हा फोटो. पुढे १९८४ च्या पत्रात हाच आकडा २ लाख ८२ हजारांवर गेलेला दिसतो. पाच वर्षांत युद्धातले मेलेले अकरा हजारांनी वाढत नसतात, दाखले वाढतात. मृतांची एकूण मोजणी आम्ही कधी केलीच नाही, हे रेड क्रॉसनं स्वतःही सांगून झालंय.

आमच्याकडे एकदा एक शेतकरी वारसनोंदीसाठी आजोबांचा दाखला मागायला आला. मी त्या सालची नोंदवही काढली, मागची-पुढची दोन्ही चाळली, नाव कुठंच नाही. म्हटलं, नोंद नाही, कोर्टाचा आदेश आणा. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, म्हंजे म्हाताऱ्याला जित्ता धरायचा का?” ग्रुपवरचा तो फोटो नेमकं हेच करतोय.

शिवाय दाखला मागायला मागं कुणीतरी उरावं लागतं. पोलंडमधल्या एखाद्या गावातली आजी, आई, पोरं, मामा-मामी सगळी एकाच मालगाडीत कोंबली गेली, तर आरोल्सेनला अर्ज कोण टाकणार? आणि टाकला तरी नाव कुठल्या वहीत सापडणार? पोलंडमधल्या आउशवित्झ या सगळ्यात मोठ्या नाझी छावणीत सुमारे १३ लाख माणसं आणली गेली, त्यातल्या जेमतेम ४ लाखांची कैदी म्हणून नोंद झाली. बाकीच्या बहुतेकांना गाडीतून उतरवून थेट गॅस चेंबरकडे नेलं. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक ही तर मारण्यासाठीच उभारलेली ठाणी. तिथं आलेल्याचं नाव लिहून घ्यायचं कुणाला कारणच नव्हतं.

मग हिशोब कुठून आला? मारणाऱ्यांच्याच दप्तरातून, आणि युद्धाआधीच्या व नंतरच्या लोकसंख्येच्या तुलनेतून. यातला एक कागद मला फार महत्त्वाचा वाटतो. ११ जानेवारी १९४३ रोजी हर्मान होफ्ले या एसएस (नाझींचं खास दल) अधिकाऱ्यानं पोलंडमधल्या लुब्लिनहून एक गुप्त तार पाठवली. इंग्रजांनी ती मधेच पकडली, पण तिचा अर्थ तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही. २००० साली ती लंडनच्या अभिलेखागारात सापडली. तारेत चार ठाण्यांची फक्त आद्याक्षरं आहेत आणि १९४२ अखेरपर्यंत तिथं आलेल्यांचे आकडे: एल (लुब्लिनची मायदानेक छावणी) २४,७३३, बी (बेल्झेक) ४,३४,५०८, एस (सोबिबोर) १,०१,३७०, टी ७१,३५५. एकूण १२,७४,१६६.

करून बघा बेरीज. जुळत नाही. सव्वासहा लाखांच्या वर फरक येतो. टी म्हणजे ट्रेब्लिंका, तिथला एक ५ तार उतरवताना गळलाय. ७,१३,५५५ धरा, बेरीज शेवटच्या अंकापर्यंत बसते. मी रात्री जेवण झाल्यावर कागदावर मांडून बघितली, सवयीनं दोनदा. आणि ताळा घ्यायला दुसरा कागदही आहे: एसएसचा प्रमुख हिमलर याच्यासाठी रिचर्ड कोरहेर या सांख्यिकी अधिकाऱ्यानं १९४३ मध्ये केलेला अहवाल. त्यात हाच १२,७४,१६६ येतो. त्या माणसांचं काय झालं, यासाठी अहवालात ‘विशेष वागणूक’ असा शब्द होता, म्हणजे नाझींच्या सांकेतिक भाषेत ठार मारणं. हिमलरनं तो खोडून ‘छावण्यांतून पुढे पाठवले’ अशा अर्थाचा घालायला लावला. हा फक्त चार ठाण्यांचा, तोही १९४२ संपेपर्यंतचा हिशोब. तुमच्या ग्रुपवरच्या सगळ्या युरोपच्या ‘एकूण’ आकड्याच्या साडेचार पटीहून जास्त.

याच्यानंतर ग्रुपवर बहुधा आउशवित्झच्या स्मारकावरच्या पाटीचा फोटो येईल: आधी ४० लाख मेले असं लिहिलं होतं, नंतर कमी केलं, मग ६० लाखांतून वजा का नाही? ते ४० लाख सोव्हिएत आयोगानं १९४५ साली ठोकलेले होते. इतिहासकारांनी ६० लाखांच्या हिशोबात ते कधी धरलेच नव्हते, तर वजा कशातून करणार? राउल हिलबर्ग या इतिहासकारानं १९६१ सालीच आउशवित्झमधल्या ज्यू मृतांचा अंदाज १० लाख दिला होता, पाटी बदलायच्या कितीतरी आधी.

असा मजकूर किती फिरतो? युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रसंघानं २०२२ साली तपासलं, तेव्हा टेलिग्राम ॲपवर होलोकॉस्टविषयीच्या (ज्यूंच्या या संहाराविषयीच्या) सार्वजनिक मजकुरातला ४९ टक्के खोटा किंवा मोडतोड केलेला निघाला. फेसबुकवर ८ टक्के. तिथं होलोकॉस्ट नाकारणाऱ्या मजकुरावर २०२० मध्ये बंदी आली होती. म्हणजे चाळणी लावली तर फरक पडतो. आता एआयनं बनवलेले, कधी अस्तित्वातच नसलेल्या बळींचे करुण फोटो लाइकसाठी फिरतात आणि आउशवित्झच्या संग्रहालयाला त्याविरुद्ध इशारे द्यावे लागतात. मला तर हे जास्त घातक वाटतं. उद्या खरा फोटो दाखवला तरी लोक म्हणतील, एआय असेल.

आपण मराठी माणसंही धुतल्या तांदळासारखी नाही बरं का. ‘कोल्हापूरनं हिटलरच्या तावडीतून ज्यूंना वाचवलं’ हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते ४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले हे खरं, आणि अभिमानाचंही. पण ते बहुतांश कॅथलिक होते आणि त्यांना घरादारातून उचलून सैबेरियाकडे नेलं ते स्टालिनच्या राजवटीनं. मी आमच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं, तर एका मित्रानं विचारलं, तुला कोल्हापूरचा अभिमान नाही का? बाकीच्यांनी त्याला अंगठे दिले.

त्यामुळे माझं हे उत्तर ग्रुपवर चिकटवू नका. लांब आहे, कुणी वाचणार नाही. होफ्लेचे ते चार आकडे टाका, गळलेल्या ५ सकट, आणि म्हणावं बेरीज करा. एखादा तरी करून बघेल.