चार्जरला न्यूट्रल हवा, सळई नव्हे

प्रश्न : द्राक्षबागेतला ट्रॅक्टर पावसाळ्यात बराच काळ उभा असतो. फळछाटणी झाली, फवारणीची गडबड सुरू झाली की नेमकी बॅटरी उतरलेली. म्हणून १२ व्होल्ट, १० अँपिअरचा चार्जर आणला. मळ्यातल्या शेडमध्ये फक्त मोटारीची थ्री फेज लाइन आहे, न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) नाही. एक फेज आणि अर्थिंगची सळई यांवर बल्ब चालतो. चार्जरही तसाच लावला तर? आणि चिमटे लावताना ठिणगी का उडते?
— एक बागायतदार, तासगाव

उत्तर : तसा लावू नका. बल्ब किरकोळ करंट घेतो म्हणून निभावतं. चार्जर बॅटरीला ८ अँपिअर देत असला तर सॉकेटमधून दीडशे-दोनशे वॉट, म्हणजे साधारण एक अँपिअर ओढतो. कोरड्या मुरमात सळईचा रोध ५० ओहम धरला, तर सळईवर ५० व्होल्ट चढले. मोटारीची आणि स्टार्टरची बॉडी बहुतेक त्याच सळईला जोडलेली असते. ओल्या पायांनी स्टार्टरला हात लावणाऱ्याला तेवढंही धोक्याचं. सळईकडे जाणारी वायर गंजून तुटली, तर चार्जरमधून २३० व्होल्ट थेट त्या बॉडीवर. अशा जोडणीवर आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की वीज तोडणारी स्विच) बसवली तर ती लगेच पडेल, आणि मग गडी म्हणतील ‘खराब आहे, काढून टाका’. खराब ती नसते, जोडणी असते. दोन फेजवर तर विचारही नको. तिथे ४१५ व्होल्ट, चार्जर जळणारच.

सोपा उपाय म्हणजे बॅटरी काढून घरी न्या. घरच्या कनेक्शनवर, अर्थिंग असलेल्या थ्री पिन सॉकेटवर चार्जर लावा, मागे ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असावी. एक्स्टेंशन लागलंच तर १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तीन कोअर वायर, मध्ये जोड नसलेली. शेडमध्येच हवं असेल तर वायरमनकडून रीतसर न्यूट्रलसह सिंगल फेज घ्या.

बॅटरी काढताना ट्रॅक्टरची आधी मायनस वायर सोडा, मग प्लस. कारण प्लस सोडताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस जागेवर असली तर शॉर्ट झालाच. चार्जर बंद ठेवून लाल चिमटा प्लसला, काळा मायनसला, मग मेनचा स्विच चालू. तुमची ठिणगी उडते कारण चार्जर आधीच चालू असतो. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. चिमटे काढतानाही आधी मेन बंद, मग काळा, मग लाल. बुचांची भोकं मोकळी आहेत ना, तेही बघा. जवळ गंधकाची पोती, डिझेलचा कॅन, पेटती विडी काही नको.

८० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ८ अँपिअर बस्स; पूर्ण उतरलेली असेल तर दहा-बारा तास. चार्जर ऑटो कट-ऑफचा नसेल तर रात्रभर लावून झोपू नका. हाताला चटका बसण्याइतकी तापली की थांबवा. प्लेटा उघड्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर. खुणेपर्यंत नंतर, कारण चार्ज होताना पातळी वर येते. अॅसिड कधीच नाही. चार्जनंतर काही तास ठेवून मीटर लावा : १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर ठीक. एकाच सेलची ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरने मोजलेली अॅसिडची घनता) इतरांपेक्षा ५० पॉइंटनी, म्हणजे ०.०५० ने, खाली राहिली तर तो सेल गेला; चार्जरला दोष देऊ नका.

प्रश्न : हाच चार्जर इलेक्ट्रिक स्कूटरला चालेल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. लिथियम बॅटरीला तिच्यासोबत आलेलाच चार्जर. तोही मल्टिप्लगवर टांगू नका, सॉकेट गरम होतंय का हात लावून बघा.