रिपोर्टमध्ये अँटिबॉडी कमी आल्या म्हणजे शरीर विसरलं का?

मागच्या अंकात बूस्टर डोसबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच, की एकदा झालेलं इन्फेक्शन शरीराच्या लक्षात राहतं असं म्हणतात तर ते नक्की राहतं कुठे, आणि राहतं तर मग आपण परत आजारी का पडतो. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, काही दोन ओळीत आटोपलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, मी लॅबमध्ये काम करते. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस बऱ्याच वर्षांपूर्वी झालेत, तेव्हा लगेच टायटर तपासला होता आणि तो छान आला होता. परवा सहज परत केला तर १० च्या खाली. सगळे म्हणतायत लस वाया गेली, कोर्स पहिल्यापासून कर. करू का?

उत्तर: वाया वगैरे काही गेलेलं नाही. टायटर काय मोजतो ते आधी बघू. रक्तात आत्ता या क्षणी किती अँटिबॉडी फिरतायत, एवढंच. अँटिबॉडी म्हणजे एक प्रोटीन, आणि त्यातला जो मुख्य प्रकार आहे, आयजीजी, तो साधारण तीन आठवड्यांत निम्मा होतो, म्हणजे लस घेतली तेव्हा तयार झालेलं त्यातलं काहीही आज तुमच्या अंगात उरलेलं नाही. आज जे थोडंफार दिसतंय ते अलीकडे, ताजं बनलेलं आहे. ते बनवतात प्लाझ्मा पेशी, ज्या हाडांच्या आत मगजात (बोन मॅरो) जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं तेवढं एकच काम करत राहतात. या हळूहळू कमी झाल्या की टायटर उतरतो.

पण यांच्या जोडीला मेमरी पेशी असतात, बी (ज्यांच्यातूनच पुढे अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी होतात) आणि टी (ज्या बी पेशींना मदत करतात आणि जंतू शिरलेल्या पेशी मारतात) दोन्ही, आणि त्या नुसत्या थांबलेल्या असताना अँटिबॉडी सोडत नाहीत, त्यामुळे टायटरच्या रिपोर्टमध्ये त्या दिसायचा प्रश्नच येत नाही! या येतात कुठून ते सांगण्यासारखं आहे. घसा बसल्यावर जबड्याखाली गाठ हाताला लागते ना, तिच्या आत त्यावेळी अक्षरशः कत्तल चाललेली असते. ज्या बी पेशींना तो जंतू थोडाफार ओळखता आला त्या भराभर दुप्पट होत जातात आणि होताना स्वतःच्या अँटिबॉडीच्या जीनमध्ये मुद्दाम चुका करतात, एरवी पेशी असल्या चुका दुरुस्त करत बसतात, इथे मात्र उलट. बहुतेक चुकांनी पकड बिघडते, एखादीने सुधारते. ज्यांची पकड घट्ट झाली त्यांना टी पेशींची मदत मिळते, बाकीच्या तिथेच मरतात. असं आठवडेच्या आठवडे चालतं आणि त्यातून जे निवडून निघतं ते काही प्लाझ्मा पेशी होऊन मगजात जातं, काही मेमरी बी पेशी म्हणून राहतं. लसीनंतर काखेत गाठ येते तीसुद्धा हेच. टी पेशींचं वेगळं, त्या इन्फेक्शनच्या वेळी प्रचंड वाढतात आणि काम झालं की ९० टक्क्यांच्या वर मरून जातात, उरतात त्या थोड्या मेमरी म्हणून.

तर तुमचा मुद्दा. हिपॅटायटिस बीचा व्हायरस अंगात शिरल्यापासून आजार दिसायला दीड महिना ते सहा महिने लागतात. मेमरी पेशी जाग्या होऊन अँटिबॉडी ओतायला लागायला काही दिवस पुरतात. वेळ भरपूर आहे हो. म्हणून कोर्सनंतर एकदा टायटर १० किंवा वर आल्याचा कागद हातात असेल आणि प्रतिकारशक्ती नॉर्मल असेल तर नंतर तो उतरला म्हणून परत डोस घ्यावे लागत नाहीत. डायलिसिसवर असलेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांचं गणित वेगळं, त्यांचा टायटर बघत राहावा लागतो. आणि ज्यांनी कोर्सनंतर कधी तपासलंच नाही त्यांना आता कमी आला तर तो उतरलाय की मुळात चढलाच नव्हता हे कळायला मार्ग नाही, त्यांना सहसा एक डोस देऊन एक-दोन महिन्यांनी परत बघतात. कामात वापरलेली सुई चुकून टोचली तर मात्र टायटर काहीही असो, लगेच कळवायचं.

प्रश्न: मग धनुर्वाताचं इंजेक्शन परत परत का? तिथे मेमरी नाही का?

उत्तर: आहे की. पण धनुर्वातात खरा त्रास त्या जंतूच्या विषाचा, आणि ते इतक्या कमी प्रमाणात काम करतं की मेमरी जागी होईपर्यंत थांबायची सोय नाही, अँटिबॉडी आधीच तयार पाहिजेत. म्हणून तिथे बूस्टर. मेमरी असणं आणि ती वेळेत पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बूस्टर कुणाला का लागतो हे बरंचसं यावरच ठरतं.

प्रश्न: मेमरी आयुष्यभर टिकते हे कुणी कसं शोधून काढलं? एवढी वर्षं कोण मोजत बसलं?

उत्तर: कुणीच बसलं नाही, योग जुळून आला. उत्तर अटलांटिकमध्ये फेरो बेटं आहेत, तिथे १७८१ मध्ये गोवराची साथ येऊन गेली आणि नंतर ६५ वर्षं गोवर आलाच नाही. १८४६ मध्ये एका जहाजाबरोबर परत आला आणि जेमतेम ७,८०० वस्तीतली सुमारे ६,००० माणसं आजारी पडली. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे पाठवला गेला, तो गावोगाव हिंडला, आणि त्याच्या लक्षात आलं की ज्या म्हाताऱ्यांना लहानपणी १७८१ च्या साथीत गोवर झाला होता त्यांच्यापैकी एकालाही तो परत झाला नाही. मधल्या काळात बेटावर गोवर नव्हताच, म्हणजे उजळणी होण्याचा संभव नाही, तरी टिकलं. व्हायरस म्हणजे काय हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं हे लक्षात घ्या. अलीकडचं बघायचं तर १९१८ च्या फ्लूच्या साथीतून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या लोकांच्या रक्तात त्या व्हायरसला ओळखणाऱ्या बी पेशी सापडल्या, ते काम २००८ मध्ये छापून आलं. नव्वद वर्षं!

प्रश्न: मग सर्दी दर वर्षी का होते?

उत्तर: कारण ती दर वेळी तीच सर्दी नसते. सर्दी आणणाऱ्या व्हायरसांपैकी नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार आहेत.

प्रश्न: माझ्या भावाला मागे डेंग्यू होऊन गेला, साधाच होता. आता लोक घाबरवतात की दुसऱ्यांदा झाला तर जास्त वाईट. एकदा झाला की शरीर शिकतं ना, मग उलटं कसं?

उत्तर: घाबरवतायत पण अगदी खोटं नाही सांगत. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून खूप वर्षांचं संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून फक्त काही महिने. नंतर दुसऱ्या प्रकारचा व्हायरस आला की जुन्या अँटिबॉडी त्याला ओळखतात, चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. आता रक्तात आणि ऊतींमध्ये काही पेशी असतात ज्यांचं कामच अँटिबॉडी चिकटलेली वस्तू दिसली की आत ओढून घ्यायची. त्या हा व्हायरसही ओढून घेतात, आणि डेंग्यूला तर नेमकं त्याच पेशींमध्ये शिरायचं असतं. म्हणजे अर्धवट आठवणीने चोराला दार उघडून दिलं.

यातला सगळ्यात बोलका पुरावा मला तान्ह्या बाळांचा वाटतो. ज्या आईला पूर्वी डेंग्यू झालाय तिच्या अँटिबॉडी गर्भातच बाळाकडे जातात. पहिले काही महिने त्या भरपूर असतात, बाळ सुरक्षित. मग त्या उतरत जातात, आणि साधारण सहा ते आठ महिन्यांच्या आसपास, जेव्हा त्या व्हायरस मारायला अपुऱ्या पण चिकटायला पुरेशा उरतात, तेव्हा बाळाला आयुष्यातला पहिलाच डेंग्यूसुद्धा गंभीर होऊ शकतो. बाळाच्या स्वतःच्या मेमरीचा इथे संबंधच नाही, सगळं आईच्या उसन्या अँटिबॉडीचं. याच गोष्टीने डेंगव्हॅक्सिया या लसीचंही बिनसलं. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून ती शाळकरी मुलांना दिली जात होती, २०१७ मध्ये पुढे आलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झाला नव्हता त्यांच्यात लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढतो, कारण लसच त्यांच्यासाठी पहिल्या इन्फेक्शनसारखी ठरली. कार्यक्रम थांबवावा लागला.

भावाला सांगा, दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांपैकी बहुतेकजण बरे होतात, गंभीर होणारे थोडे. फक्त परत ताप आला तर आधी डेंग्यू झाला होता हे डॉक्टरला पहिल्यांदा सांगायचं, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनानं घ्यायचं नाही, आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. धोक्याचे दोन दिवस बरेचदा ताप उतरल्यावरच सुरू होतात. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यातून रक्त, खूप मरगळ, यातलं काही दिसलं तर सरळ हॉस्पिटल.

प्रश्न: गोवर होऊन गेलेला बरा, पक्की प्रतिकारशक्ती येते असं घरातले मोठे म्हणतात. लस नाही दिली तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. गोवराविरुद्ध पक्की येते हे खरं, फेरोची गोष्ट वर वाचलीच, पण तिची किंमत ऐका. मेमरी पेशींच्या अंगावर सीडी१५० नावाचं प्रोटीन असतं आणि गोवराचा व्हायरस त्यालाच धरून आत शिरतो. म्हणजे तोपर्यंत जे जे शिकून साठवलं त्याच पेशी मारल्या जातात. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं तेव्हा त्यांच्या इतर आजारांविरुद्धच्या अँटिबॉडींपैकी कुणाच्या ११ टक्के तर कुणाच्या ७३ टक्क्यांपर्यंत गायब झालेल्या आढळल्या. लस दिलेल्या मुलांमध्ये असं पुसलं जाणं दिसलं नाही. गोवर गेल्यावर महिनोनमहिने मुलं न्यूमोनिया, जुलाब यांनी आजारी पडत राहतात त्याचं एक मोठं कारण हे आहे. घरातल्या मोठ्यांचा मान राखून हे त्यांना वाचून दाखवा.

प्रश्न: बीसीजी तर टीबीची लस, मग तिने बाकीच्या इन्फेक्शनपासूनही फायदा होतो असं वाचलं, ते कसं?

उत्तर: बी आणि टी सोडून ज्या पहिल्या फळीतल्या पेशी असतात, मोनोसाइट वगैरे, त्यांना लक्षात ठेवता येत नाही असं आम्ही शिकलो होतो. मिहाई नेतेया हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलं की त्यांनाही एक प्रकारची तालीम मिळते. एकदा चेतवल्या की काही जीन उघडे राहतात आणि पुढच्या कुठल्याही जंतूला त्या जास्त जोरात उत्तर देतात. मोनोसाइट तर काही दिवसच जगतो, मग परिणाम महिनोनमहिने कसा, तर तो जिथून तयार होतो त्या हाडांच्या मगजातल्या मूळ पेशींमध्येच तो बदल झालेला असतो. पण यावरून लगेच उड्या मारू नका, कोविडच्या वेळी बीसीजीची मोठी ट्रायल झाली, फायदा दिसला नाही. ‘इम्युनिटी बूस्टर’ पावडरी विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर, जोरात उत्तर देणं म्हणजे नेहमी चांगलंच असं नाही, सूज त्यातूनच येते.

प्रश्न: अंगदुखीची गोळी घेतली की दंडावर एकाच जागी गोल जांभळट डाग उठतो, मग काळा पडतो. दर वेळी तीच जागा, इंचभर इकडे नाही की तिकडे नाही. हे काय गौडबंगाल आहे?

उत्तर: हा प्रश्न वाचून मी खूश झाले, कारण मेमरी डोळ्यांनी दिसते अशी ही दुर्मिळ जागा. काही मेमरी टी पेशी रक्तात फिरतच नाहीत, त्वचेत, फुप्फुसात जिथे कामाला लागल्या तिथेच वस्तीला राहतात. तुमच्या त्या डागाखाली अशा पेशी बसल्यात, ठराविक औषध पोटात गेलं की काही तासांत त्या आजूबाजूच्या त्वचेवर तुटून पडतात, शेजारची त्वचा साफ मोकळी कारण तिथे त्या नाहीतच. सोरायसिसचा चट्टा औषध बंद केल्यावर बरेचदा जुन्याच जागी परततो त्यामागेही याच प्रकारच्या पेशी आहेत. त्वचा वरून बरी दिसते, पेशी खाली तशाच.

ती गोळी बंद करा. पाकीट फेकू नका, त्यावरचं मूळ औषधाचं नाव लिहून घ्या, कारण तेच औषध दुसऱ्या नावाच्या गोळीतही असतं, आणि त्वचेच्या डॉक्टरांना डाग ताजा असतानाच दाखवा. घेत राहिलात तर डागांची संख्या वाढू शकते. तोंडात किंवा डोळ्याला फोड आले, ताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी जा.