दाबाचा चुकीचा आकडा आणि उतरणारे विमान

प्रश्न : विमानतळाने कळवलेली हवामानाची माहिती थोडी चुकली, तर उतरणाऱ्या विमानाला खरोखर धोका असतो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : असतो, आणि हवेच्या दाबाचा आकडा चुकणे मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती चूक वैमानिकाला सहज दिसत नाही. विमानातील उंचीमापक मुळात दाब मोजतो व विमानतळाने कळवलेल्या दाबाच्या आधारे उंची दाखवतो. तिथे १ हेक्टोपास्कलची (हे दाब मोजण्याचे एकक) चूक झाली, की उंचीत सुमारे २८ फुटांचा फरक पडतो. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर नियंत्रकाने १००१ ऐवजी १०११ हा आकडा सांगितला. जमिनीवरून उतरण्याचा मार्ग दाखवणारी संकेतयंत्रणा त्या वेळी बंद होती, शिवाय पाऊस होता. परिणामी एअरबस ए-३२० विमान सुमारे २८० फूट खालून येत राहिले आणि धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीपासून अवघ्या ६ फुटांवर पोहोचले. धावपट्टी न दिसल्याने वैमानिकांनी विमान पुन्हा वर नेले, म्हणूनच सर्वजण वाचले. वैमानिकांनी ऐकलेला आकडा नियमानुसार परत म्हणून दाखवला होता. पण त्या पद्धतीने ऐकण्यातली चूक सापडते, सांगणाऱ्याची नाही. विमानतळ वैमानिकांसाठी रेडिओवरून ऐकवतो त्या ध्वनिमुद्रित हवामानवृत्तात मात्र १००१ हाच योग्य आकडा होता.