कंटेनर मिरगाआधी घरात पोचायला हवा

प्रश्न : ताई, नमस्कार. गेली कितीतरी वर्षं आम्ही कुवेतला, सालमियात राहतो. यजमानांची नोकरी मेअखेर संपते आणि जूनमध्ये आम्ही कायमचे गावी येतोय, गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळ. सासऱ्यांचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. यजमानांचं म्हणणं, सगळं सामान कंटेनरमध्ये भरून न्यावं : चामड्याचा सोफा, बेडरूम सेट, मोठा फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन, मुलांचं स्टडी टेबल. मला वाटतं, विकून मोकळं व्हावं. माझं शिलाई मशीन मात्र सोडवत नाही. ड्यूटी किती पडेल? आणि नेमकं काय आणावं? — एक वाचक, कुवेत

उत्तर : ड्यूटीचं सांगतेच, पण त्याआधी पावसाचं बोलू. जूनमध्ये तुम्ही निघालात, तर सामान ऐन आषाढात वाळपईला उतरणार. सत्तरीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा! कुवेतच्या कोरड्या हवेत आणि चोवीस तास एसीत राहिलेलं लाकूड त्या ओलीत आलं की फुगतं, दारं बसत नाहीत, खण ओढले जात नाहीत. आणि हल्लीचे बेडरूम सेट बहुतेक भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे. साखळी गावात एका घरात असं कपाट मी हात लावून पाहिलंय. जमिनीला टेकलेली कड पाव भिजावा तशी फुगली होती, वरचा चकचकीत कागद सुटून आला होता आणि बिजागरीचा स्क्रू बोटानं बाहेर येत होता. आखातातून इतक्या लांब आणलेलं ते कपाट दुसरा पावसाळा बघू शकलं नाही. चामड्याच्या सोफ्यावर तर श्रावण लागायच्या आत पांढरी बुरशी धरते. तेव्हा सोफा, बेडरूम सेट आणि स्टडी टेबल तिथेच विका. या तीन वस्तूंबाबत मी तुमच्या बाजूची आहे.

फ्रीज-वॉशिंग मशीनचं वेगळं. कुवेतची वीज 240 व्होल्ट, 50 हर्ट्झ, आपली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. यंत्रं बिनधास्त चालतील. तिथल्या चौकोनी पिनांचा प्लग तेवढा बदलून घ्या आणि फ्रीजला स्टॅबिलायझर लावा. पण त्याआधी सासऱ्यांना टेप घेऊन वसरीतून, म्हणजे ओसरीतून, आत जायच्या दाराची रुंदी मोजायला सांगा, चौकट आणि उंबरठा धरून. जुन्या घरांची दारं अरुंद असतात. दोन दारांचा फ्रीज वसरीतच ठेवावा लागलेली घरं मी पाहिली आहेत. शिलाई मशीन मात्र डोळे झाकून आणा. लोखंडी भागांना तेलाचा हात फिरवून, कपड्यात गुंडाळून, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

आता ड्यूटी. कायमचं परतणाऱ्यांना ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ची, म्हणजे आपल्या बोलण्यातली टी.आर.ची सवलत मिळते, तीही घरगुती सामानाला. 2016 च्या बॅगेज नियमांत दोन वर्षं किंवा अधिक परदेशी राहिलेल्यांना ती पाच लाख रुपयांपर्यंत होती. मोठ्या सपाट पडद्याचा टीव्ही त्या सवलतीत बसत नव्हता. हे आकडे सरकार बदलत असतं, म्हणून सामान बांधायच्या महिन्यात केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावरचा चालू नियमच धरा. टीव्हीची ड्यूटी आणि वाहतूक जोडून बघा. माझ्या मते तो म्हापशात नवा घेतलेला बरा.

सवलतीची एक अट बायकांना हटकून नडते. 2016 च्या नियमांत आधीच्या दोन वर्षांतल्या भारतातल्या छोट्या मुक्कामांची बेरीज सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेली चालत नसे. शाळेच्या सुट्टीत मुलांना घेऊन दोन-अडीच महिने, मग चवथीला, मग कुणाच्या आजारपणात... बेरीज कधी वाढते कळत नाही. दोघांच्याही पासपोर्टवरचे शिक्के घेऊन बसा आणि दिवस मोजा. ज्याची बेरीज बसते, त्याच्या नावावर सामान पाठवा.

तुमची बसत असेल, तर माझं स्पष्ट मत असं, की तुम्ही मुलांसह एप्रिलच्या मध्याला या आणि यजमान काम आटोपून जूनमध्ये येऊ देत. सामान माणसाच्या आधी दोन महिन्यांपर्यंत येऊन पडलं तरी चालायचं, आणि मागून यायचं असेल तर माणूस पोचल्यापासून महिन्याभरात ते तिथून निघावं लागायचं, अशी 2016 च्या नियमांत मुदत होती. पण तुमचा पासपोर्ट दाखवल्याशिवाय ते सोडवता येत नाही, आणि बंदरात पडून राहिलेल्या प्रत्येक दिवसाचं डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, चढतं. म्हणून सामान आणि तुम्ही मागेपुढे एकाच सुमारास पोचायला हवं. एप्रिलमध्ये सुटलं, तर मिरग लागायच्या आत घरात येईल.

ते येईल न्हावा शेव्याला, मुंबईजवळच्या बंदरात. आपलं मुरगाव बंदर मुख्यतः कोळसा-खनिजाचं. वास्कोच्या क्लिअरिंग ऑफिसात मी नोकरी केली, तेव्हाही आखातातल्या लोकांचं घरसामान बहुतेक मुंबईकडेच उतरायचं. तिथून ट्रक पत्रादेवीच्या सीमेवरून गोव्यात येतो. तुमच्या वाड्यावर मोठी गाडी वळत नसेल, तर वाळपईत छोटा टेंपो आधीच ठरवून ठेवा. एवढं विकल्यावर अख्खा कंटेनर लागणारच नाही. दुसऱ्यांच्या सामानाबरोबर, घनमीटरवर भाडं देऊन पाठवा. मात्र इथेच लोक फसतात. कुवेतमधला दर स्वस्त सांगतात आणि मुंबईत डिलिव्हरी ऑर्डर, टर्मिनल हँडलिंग, गोदाम असं बिल हातात पडतं, तिथल्या भाड्याहून मोठं. पैसे देण्याआधी हे मुंबईकडचे खर्च लेखी मागा. लेखी द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याला सामान देऊ नका.

खोकी बांधताना प्रत्येकावर नंबर घाला आणि आत काय, किती जुनं, आजची किंमत किती याची यादी करा. ‘किचन आयटम्स’ असं मोघम लिहू नका, ‘वापरलेला प्रेशर कुकर 1, स्टीलची पातेली 6’ असं लिहा. मोघम यादीची खोकी उघडून बघतात, तेवढे दिवस जातात. किंमत खरीच लिहा. दारू, ड्रोन, सॅटेलाइट फोन यांतलं काहीही खोक्यात नको. दागिने, मुलांचे दाखले, जुने-नवे सगळे पासपोर्ट हातच्या बॅगेत ठेवा.

यादी झाली, की तिची प्रत मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. ओळ न् ओळ बघून कळवते.