केस स्टडीत गुण का कमी पडले?

प्रश्न : मी मूळचा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत खनिजाचा टिपर चालवत होतो. पुढे पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला आलो आणि सध्या स्विंडनमध्ये एका गोदामात काम करतो. इथला कारचा परवाना मिळाला, लॉरीची थिअरीही उत्तीर्ण झालो. मात्र ‘ड्रायव्हर सीपीसी’च्या, म्हणजे व्यावसायिक चालकांच्या पात्रता परीक्षेच्या, केस स्टडीत ५० पैकी ३६ गुण मिळाले. इतकी वर्षे ट्रक चालवूनही असे का व्हावे? पुढची तयारी कशी करू?

उत्तर : उत्तीर्ण होण्यासाठी ४० गुण लागतात, म्हणजे आपण फार मागे नाही. या परीक्षेत सात प्रसंग, त्यांवरचे ५० प्रश्न आणि ७५ मिनिटे असतात. प्रसंग वाचण्याचा वेळही त्यातच धरलेला असल्याने घाईत वाचणाऱ्याचे गुण जातात. शिवाय अनुभवी चालक बऱ्याचदा ‘मी काय केले असते’ याचे उत्तर देतो, आणि प्रश्न मात्र नियम काय सांगतो हा असतो. खनिजाच्या ट्रकांवर कमाई फेऱ्यांच्या हिशोबाने होत असे, आणि त्या सवयीचा चालक विश्रांतीकडे वाया गेलेला वेळ म्हणून पाहतो. इथे नेमके त्यावरच प्रश्न येतात.

एक उदाहरण पाहा. चालकाने अडीच तास लॉरी चालवली, ३० मिनिटे विश्रांती घेतली, पुन्हा दोन तास चालवली आणि १५ मिनिटे थांबला. आता त्याला निघता येईल का? साडेचार तासांमागे ४५ मिनिटे भरली म्हणून ‘होय’ म्हणावेसे वाटते, पण उत्तर ‘नाही’ असे आहे, कारण विश्रांती विभागून घ्यायची तर आधी किमान १५ आणि नंतर किमान ३० मिनिटे हाच क्रम ग्राह्य धरतात. त्याला आणखी १५ मिनिटे थांबावेच लागेल. असे प्रसंग स्वतः तयार करून वहीत वेळेच्या रेषा आखून सोडवावेत. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १० तास, आठवड्याला ५६ आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९० तास, या गाडी चालवण्याच्या मर्यादा नुसत्या पाठ करण्यापेक्षा अशा उदाहरणांतून पक्क्या होतात.

केस स्टडीनंतर चालवण्याची चाचणी आणि प्रत्यक्ष दाखवण्याचा चौथा भाग राहतो. चौथ्या भागात अर्ध्या तासात पाच विषय असतात. प्रत्येकात २० पैकी किमान १५ आणि एकूण १०० पैकी ८० गुण हवेत, त्यामुळे एक विषय कच्चा राहिला तर बाकीचे चार सावरून घेत नाहीत. माल बांधणे, गाडीत कोणी लपून बसलेले नाही याची तपासणी आणि निघण्यापूर्वी गाडीभोवती फिरून केलेली पाहणी, हे सारे हाताने दाखवत तोंडाने समजावून सांगायचे असते. २०१४ पासून दुभाष्याची सोय बंद असल्याने ते इंग्रजीतच सांगावे लागेल. म्हणून ओळखीच्या चालकाच्या लॉरीपाशी उभे राहून चाकांचे नट, टायर, दिवे, आरसे, गळती असे एकेक दाखवत मोठ्याने बोलण्याचा सराव करावा. मला हाच सर्वांत उपयोगी वाटतो. इंग्रजी साधे असले तरी चालेल, पण वाक्य पूर्ण असावे.

आपल्या थिअरीचे प्रमाणपत्र दोनच वर्षे चालते. पुढची तारीख घेण्याआधी त्यावरचा दिनांक अवश्य तपासून पाहावा.